गावात पवनचक्क्या येणार? ग्रामसभेत म्हणणं कसं नोंदवायचं: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

पुरंदर, बारामती किंवा शिरूरकडच्या एखाद्या माळावर तारांनी ताणून धरलेला बारीक, उंच मनोरा उभा राहिला की समजावं, वाऱ्याची मोजणी सुरू झाली. ती वर्षभर तरी चालते. त्याच सुमारास एजंट सातबारे गोळा करत फिरू लागतात. गावाशी बोलणं मात्र बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतं, आणि तेही ना-हरकत दाखल्यापुरतं. मनोरा दिसला त्याच आठवड्यात गावानं हालचाल करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण कायद्यातच आहे. मोठं धरण, खाण किंवा सिमेंट कारखाना येणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत, त्यामुळे त्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि सुनावणीही होत नाही. कंपनी जमीन थेट मालकाकडून विकत किंवा भाड्यानं घेत असेल, तर 2013 च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही साधारणपणे होत नाही. म्हणजे खासगी जमिनीवरच्या प्रकल्पात गावाचं म्हणणं कागदावर येण्याची मुख्य जागा एकच उरते: ग्रामसभेचं इतिवृत्त.

कोण बोलू शकतं?

गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. जमीन असण्याची अट नाही. भूमिहीन मजूर, वाट्यानं शेती करणारा, मेंढरं राखणारा, सगळ्यांचा हक्क सारखा. उलट गावात दहा एकर असूनही ज्यांचं नाव हडपसर किंवा कोथरूडच्या यादीत आहे, त्यांना ग्रामसभेत मत नाही; त्यांनी आपलं निवेदन लेखी द्यावं. मेंढपाळ कुटुंबं वर्षातले कित्येक महिने बाहेर असतात आणि माळाशी सर्वात जास्त संबंध त्यांचाच असतो. ती गावात असतील तेव्हाची तारीख धरा, नाहीतर त्यांच्या सहीचं निवेदन आधीच घेऊन ठेवा.

मासिक सभा आणि ग्रामसभा यांत गल्लत नको. मासिक सभा फक्त निवडून आलेल्या सदस्यांची. पवनचक्कीचा ठराव तिथेच उरकला जातो आणि गावाला पुढे यंत्रं आल्यावर कळतं. ग्रामसभा आर्थिक वर्षात किमान चार वेळा घ्यावीच लागते. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र ही अट राहत नाही. अडचणीचे विषय अशाच सभेत पुढे सरकतात, म्हणून तहकूब सभेची तारीख फळ्यावरून टिपून घ्या आणि वस्त्यांवर कळवा.

अर्ज कसा करायचा?

अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्या नावे दोन प्रतींत करा. एकीवर तारखेसह पोच घ्या. मजकूर लांबवू नका: "गट क्रमांक अमुक ते तमुक या भागात प्रस्तावित पवनऊर्जा प्रकल्पाबाबत विशेष ग्रामसभा बोलवावी. कंपनीने मनोऱ्यांच्या जागा, रस्ते आणि वीजवाहिनीचा मार्ग दाखवणारा नकाशा सभेआधी ग्रामपंचायतीत मराठीतून पाहण्यासाठी ठेवावा. तोपर्यंत ना-हरकत दाखला देऊ नये." सरपंच स्वतःहून विशेष सभा बोलावू शकतात. त्यांनी टाळलं तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि पुणे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी किंवा पंचायत समितीनं मागणी केली की सरपंचाला सभा बोलवावीच लागते.

सोबत मतदार ओळखपत्राची प्रत, जमीन असल्यास सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) जोडा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. सगळ्यात उपयोगी कागद मात्र तुम्हालाच तयार करावा लागेल. गावनकाशाच्या प्रतीवर घरं, वस्त्या, विहिरी, पाणवठे, मेंढरांच्या वाटा आणि देवस्थानं हातानं दाखवा. वाड्यावस्त्यांवरची नवी घरं जुन्या नकाशात नसतात, आणि अंतर मोजायची वेळ येते तेव्हा नेमका तिथेच वाद होतो.

कारण अंतराचे निकष ठरलेले आहेत. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत पवनचक्की नसावी. सार्वजनिक रस्ता आणि इमारतींपासून मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग आणि वर 5 मीटर, एवढं अंतर हवं. मनोरा 120 मीटर आणि व्यास 120 मीटर असेल तर ते 185 मीटर होतं. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. हे आकडे ठरावात लिहून घ्या.

रस्त्यांबद्दल जास्त खोलात जाऊन विचारा. अवजड क्रेन आणि लांब पाती वर न्यायला डोंगर कापावा लागतो. खेड तालुक्यात भीमाशंकरच्या रांगेत पवनचक्क्यांसाठी झालेल्या अशा कामाची, जंगलतोडीची आणि मातीच्या धुपेची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटानं 2011 च्या अहवालात घेतली होती. वनजमीन लागत असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याची ग्रामसभा वेगळी असते: निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. आंबेगाव आणि जुन्नरच्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांना पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्याचे जादा अधिकार आहेत. गायरान लागत असेल तर ते परस्पर देता येत नाही, विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

जमीन देणाऱ्यांसाठी एवढंच: एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरी केलेल्या कागदावर किंवा कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. मुदत संपल्यावर मनोरा आणि काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे करारात नसेल तर तो करार अपुरा आहे.

सभा संपल्यावर लगेच उठू नका. हजेरीच्या सह्या सुरुवातीलाच झालेल्या असतात आणि ठराव मागाहून लिहिला जातो. दोन तास वाद होऊनही वहीत "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर" एवढी एकच ओळ उरते. ठराव तिथेच लिहून वाचून दाखवायला सांगा. विरोध करणाऱ्यांची नावं, घातलेल्या अटी, कंपनीच्या माणसानं दिलेली आश्वासनं, सगळं त्यात आलं पाहिजे. "सर्वानुमते" हा शब्द खरा नसेल तर तो खोडून मतांची संख्या लिहायला लावा.

इतिवृत्ताची प्रमाणित प्रत लेखी अर्जानं मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रकल्पाची माहिती याच पद्धतीनं पुण्यात औंधला असलेल्या महाऊर्जा, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेच्या, कार्यालयाकडेही मागता येते. ठरावाची एक प्रत तहसीलदार आणि महाऊर्जा यांना पोचपावतीच्या टपालानं पाठवा, आणि ती पावती ठरावाच्या प्रतीला टाचून ठेवा.