टेहळणी म्हणजे नेमके काय? हवाई खनिजशोधाची पार्श्वभूमी

लोहखनिजाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे स्वीडनमधील खाणवाल्यांना सतराव्या शतकातच ठाऊक होते. ही मोजणी विमानात रुळली ती मात्र दुसऱ्या महायुद्धात, पाणबुड्या हुडकण्यासाठी बनवलेल्या चुंबकत्वमापकामुळे. भारतात १९६७-६८ मध्ये ‘ऑपरेशन हार्ड रॉक’ या नावाने अमेरिकी साह्याने आंध्र प्रदेश, बिहार आणि राजस्थानच्या निवडक पट्ट्यांवर चुंबकीय, विद्युतचुंबकीय आणि किरणोत्साराची हवाई मोजणी झाली. पृथ्वीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह त्यानंतर, १९७२ मध्ये, अवकाशात गेला.

उपग्रहचित्रांबद्दल सुरुवातीला बरीच अतिशयोक्ती झाली. मातीखनिजे साधारण २.२ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि खनिजद्रावांनी बदललेला खडक त्यावरूनच ओळखू येतो. म्हणून १९८२ च्या लँडसॅट-४ वर भूवैज्ञानिकांच्या आग्रहावरून तेवढ्यासाठी एक तरंगलांबी-पट्टा मुद्दाम जोडला गेला. १९८८ च्या आपल्या आयआरएस-१ए या उपग्रहावर तो नव्हता. परिणामी आपल्याकडे उपग्रहचित्रे बराच काळ भेगा, घड्या आणि भ्रंशरेषा आखण्यासाठी वापरली गेली, खनिज ओळखण्यासाठी फारशी नाही. महाराष्ट्रात तर चित्राला दिसतो तो बहुतांश दख्खनचा बेसाल्ट. हा खडक स्वतःच चुंबकीय आहे आणि त्याचे काही थर उलट्या दिशेने चुंबकित झालेले आहेत, त्यामुळे चुंबकीय नकाशावर सगळीकडे ठिपक्यांची गर्दी होते आणि खाली काय दडले आहे ते त्या गर्दीत हरवते. भंडारा-नागपूरचे मँगनीज किंवा गडचिरोलीचे लोहखनिज याच आवरणाबाहेरच्या प्राचीन खडकांत आहे, आणि तिथे अडचण येते ती जंगलाची व जांभ्याची.

या क्षेत्राचे भवितव्य मात्र उपकरणांपेक्षा एका शब्दाने अधिक ठरवले. १९५७ च्या खाण कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने ‘टेहळणी’ हा स्वतंत्र टप्पा आला. प्रादेशिक, हवाई, भूभौतिक किंवा भूरासायनिक सर्वेक्षण आणि भूवैज्ञानिक नकाशे म्हणजे टेहळणी. खड्डे, चर, भूमिगत खोदकाम आणि (केंद्राने ठरवलेल्या जाळीवरची छिद्रे सोडल्यास) ड्रिलिंग म्हणजे टेहळणी नव्हे, अशी ती व्याख्या होती. कागदावर ती नेटकी दिसते, पण प्रत्यक्ष जागेवर उभे राहून पाहिले की तिचा गोंधळ कळतो. विमानाला दिसलेली अ‍ॅनोमली, म्हणजे आसपासपेक्षा वेगळे मोजमाप, गंधकी धातुखनिजाची असू शकते, ग्रॅफाइटची असू शकते किंवा विजेच्या तारांचीही असू शकते, आणि यांतली नेमकी कोणती हे शेवटी छिद्र पाडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे टेहळणीचा निष्कर्ष पडताळण्याचे साधनच टेहळणीच्या व्याख्येबाहेर ठेवले गेले. तरीही ही व्यवस्था चालली, कारण टेहळणी परवानाधारकाला पुढच्या पूर्वेक्षण (म्हणजे सविस्तर शोधाच्या) परवान्यासाठी प्राधान्य होते; विमानाचा खर्च करणाऱ्याला निदान रांगेतली पहिली जागा मिळत होती.

२०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावात गेले आणि ही जागा नाहीशी झाली. वाटपातली मनमानी थांबवण्यासाठी लिलाव हवाच होता, हे मान्य करूनही म्हणावे लागते की शोधणाऱ्याला त्यात धरलेच नव्हते. त्याच्यासाठी ठेवलेला ‘बिगर-अनन्य टेहळणी परवाना’ (एकाच क्षेत्रात अनेकांना मिळू शकणारा) पुढचा कोणताही हक्क देत नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फिरकले नाही तर नवल नव्हते. शोधाचे चार टप्पे मानतात, जी-४ सर्वांत प्राथमिक आणि जी-१ सर्वांत सविस्तर. त्याच वर्षीच्या, लिलावापूर्वी खनिजाचा किती पुरावा हवा हे ठरवणाऱ्या नियमांनी खाणपट्ट्याच्या लिलावासाठी जी-२ आणि संयुक्त परवान्यासाठी (पूर्वेक्षण व नंतर खाणकाम, दोन्हींसाठी एकच) जी-३ टप्प्यापर्यंतचे संशोधन मागितले. हवाई मोजणी जेमतेम जी-४ मध्ये बसते. २०२१ मध्ये बिगर-अनन्य परवाना कायद्यातून वगळला गेला, जुन्या टेहळणी परवान्यांवरचे प्रलंबित दावे खर्चाच्या भरपाईवर संपवले गेले आणि संयुक्त परवान्याची अट जी-४ वर उतरली. म्हणजे एकाच दुरुस्तीच्या वर्षात हवाई माहिती लिलावाला पुरेशी ठरली आणि ती जमवणाऱ्यांचा हक्क मावळला.

दरम्यान माहिती जमवण्याचा भार सरकारने स्वतःवर घेतला होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवाई भूभौतिक कार्यक्रमात विमान जमिनीपासून सुमारे ८० मीटर उंचीवरून, एकमेकांपासून ३०० मीटर अंतरावरच्या रेषांवरून उडते. एवढ्या अंतरात शंभर मीटर रुंदीचा अरुंद खनिजपट्टा, तो उड्डाणरेषांना समांतर असला तर, सहज निसटू शकतो. तरी आधीच्या नकाशांपेक्षा हे चित्र बरेच बारीक आहे. डिसेंबर २०२३ पासून हा डेटा एका राष्ट्रीय भांडारात खुला झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा पुन्हा बदलला. २९ खनिजांसाठी नवा अन्वेषण परवाना आला. त्याचा धारक स्वतः खाण चालवत नाही, तर पुढे खाणीच्या लिलावात बोली लावणाऱ्याने सरकारला देऊ केलेल्या रकमेचा (प्रीमियमचा) ठरावीक हिस्सा घेतो, आणि जो कमीत कमी हिस्सा मागेल त्याला परवाना मिळतो. टेहळणीच्या व्याख्येतून खड्डे, चर आणि ड्रिलिंगवरची बंदीही या वेळी, चोवीस वर्षांनी, निघाली.