लाइव्ह यूएसबी

लाइव्ह यूएसबी : हार्डडिस्कवर काहीही न बसवता पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजसारखी पण मुक्त संगणक-प्रणाली चालवून पाहण्याची पद्धत. मूळची विंडोज आणि फायली जागच्या जागी राहतात. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की सारे पूर्ववत होते. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या लिनक्सच्या प्रकाराने २००० साली ही कल्पना सीडीवर रूढ केली, पुढे ती पेनड्राइव्हवर आली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत उत्तम चालणाऱ्या अनेक यंत्रांवर ‘विसंगत’ असा शिक्का बसला. हा शिक्का एका प्रणालीपुरताच आहे, यंत्र भंगारात काढण्याचे ते कारण नव्हे; त्यावर लिनक्स चालते का, हे लाइव्ह यूएसबीने पाहता येते.

लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची फाइल सुमारे ३ जीबीची असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरी भागात ती उतरवत बसण्यापेक्षा शहाद्यात किंवा नंदुरबारला रूफस अथवा व्हेंटॉय या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तयार करून सोबत नेणे सोयीचे. तयार करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कळ कंपनीनुसार बदलते) दाबून यादीतून पेनड्राइव्ह निवडतात. पडदा काळाच राहिला, तर ग्राफिक्सच्या अडचणीवर बनवलेला सुसंगत पर्याय सुरुवातीच्या यादीत असतो.

पेनड्राइव्हवरची प्रणाली दाबून भरलेली आणि फक्त वाचता येणारी असते. आपण केलेले बदल रॅममध्ये राहतात. म्हणून २ जीबी रॅमवर ती अडखळते, ४ जीबीवर बरी चालते. खानदेशात भारनियमन नवे नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज गेली, तर लाइव्ह सत्रातले टंकलेखन जाते, मात्र हार्डडिस्कला सहसा धक्का लागत नाही. काम दुसऱ्या पेनड्राइव्हवर जतन करत राहावे. खरा धोका डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हात आहे : तिथे ‘डिस्क पुसा’ हा पर्याय स्वीकारला, तर विंडोजसह सारे जाते.

वेगावरून यंत्राची परीक्षा करू नये, कारण जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून सगळेच सावकाश येते. पाहायचे ते वायफाय (ब्रॉडकॉमची काही कार्डे वेगळा ड्रायव्हर मागतात), आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पंखा आणि तापमान तपासायला तिथली भर दुपार उत्तम. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडता येतो आणि त्यावरच अहिराणीही लिहिता येते.

लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपी दुकानांनी मात्र घाई करू नये. आजचे कोरलड्रॉ हे मांडणीचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाही. लिनक्सवरचे लिब्रेऑफिस ड्रॉ कोरलच्या बऱ्याच फायली उघडते, पण मांडणी हलते, आणि युनिकोड ही प्रमाण अक्षर-पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतो. लाइव्ह सत्रातून विंडोजचा ड्राइव्ह वाचता येतो (बिटलॉकर हे विंडोजचे ड्राइव्हला लावायचे कुलूप असेल तर त्याची किल्ली लागते). तेव्हा आपली एखादी जुनी पत्रिका आधी तिथेच उघडून पाहावी.