शेवाळातला बुळबुळीत पदार्थ मुतखड्याच्या संशोधनात कसा आला

मुतखडा हे फार जुनं दुखणं. इजिप्तमध्ये एल अमरा इथल्या दफनभूमीत १९०१ साली मूत्राशयातला एक खडा सापडला, तो सुमारे ७००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. सुश्रुतसंहितेत 'अश्मरी'चे प्रकारही आहेत आणि ती कापून काढायची रीतही. १९८० मध्ये म्युनिकला एका रुग्णाचा खडा शरीराबाहेरून आघातलहरी देऊन फोडण्यात आला आणि कापाकापी बरीचशी टळू लागली. खडा काढण्याची विद्या अशी पुढे गेली. तो पुन्हा होऊ नये याची विद्या मात्र मागेच राहिली. भरपूर पाणी, पोटॅशियम सायट्रेट, थायाझाइड गटातल्या गोळ्या, एवढीच मुख्य साधनं. त्यातही याच गटातल्या हायड्रोक्लोरोथायाझाइडचा २०२३ सालच्या मोठ्या चाचणीत ठळक फायदा दिसला नाही. ज्याने ही कळ एकदा सोसली आहे, त्याला ही उणीव समजावून सांगावी लागत नाही.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. गंमत अशी, की त्याचे बारीक स्फटिक निरोगी माणसाच्या लघवीतही दिसतात. ते खडा न होता वाहून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची दोन रूपं दिसतात. एक मोनोहायड्रेट, म्हणजे चपटं किंवा डंबेलच्या आकाराचं. हे पेशींना घट्ट चिकटतं आणि खड्यांमध्ये हेच जास्त सापडतं. दुसरं डायहायड्रेट, बंद पाकिटासारखं, मधोमध फुली असलेलं. हे कमी चिकटतं आणि सहसा निघून जातं. स्फटिक वाढू नयेत, एकमेकांना चिकटू नयेत, यासाठी लघवीत काही प्रथिनं आणि ऋणभार असलेल्या लांब शर्करासाखळ्या राखण करत असतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधासारख्या सल्फेटयुक्त साखळ्या हे काम प्रयोगशाळेत चांगलं करतात, हे बऱ्याच आधी लक्षात आलं होतं.

शेवाळाची गोष्ट वेगळ्याच वाटेने आली. खडकावरचं तपकिरी समुद्री शेवाळ हातात घेतलं की बोटं बुळबुळीत होतात. त्या बुळबुळीत पदार्थावर काम करताना स्वीडिश शास्त्रज्ञ हाराल्ड किलिन यांनी १९१३ मध्ये एक नवा घटक वेगळा केला. आज त्याला फ्युकॉइडन म्हणतात. फ्युकोज या शर्करेची साखळी आणि तिला जागोजागी लागलेले सल्फेटचे गट, अशी त्याची घडण. म्हणजे हेपॅरिनशी नातं सांगणारीच. फ्युकॉइडन रक्त गोठणं लांबवतं, तेही याच साधर्म्यामुळे.

हे दोन धागे जोडण्यात मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. २००० नंतरच्या दशकात त्यांनी उंदरांना पिण्याच्या पाण्यातून २८ दिवस इथिलीन ग्लायकॉल दिलं. शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं. त्यातल्याच काही उंदरांना फ्युकस व्हेसिक्युलोसस या शेवाळाचं फ्युकॉइडन टोचलं. त्यांच्या मूत्रपिंडाची हानी कमी झाली, स्फटिकही कमी साठले. ऑक्झलेटमुळे पेशींना ऑक्सिडेशनची इजा होते आणि इजा झालेल्या पेशीलाच स्फटिक जास्त चिकटतात, म्हणून पेशी वाचवणं हाही उपचाराचाच भाग ठरतो. मला या सगळ्या कामातला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. खडा विरघळवायचा नाही, त्याला पाय रोवू द्यायचा नाही.

पुढे चीनमधल्या ग्वांगझूच्या जिनान विद्यापीठात शेवाळातल्या निरनिराळ्या शर्करासाखळ्या तपासल्या गेल्या. त्यांच्या सान्निध्यात चिकट मोनोहायड्रेटऐवजी डायहायड्रेटचं प्रमाण वाढतं, असं दिसलं.

पण हे निष्कर्ष मुख्यतः काचपात्रातले, पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहेत. म्हणून मुतखड्यासाठी शेवाळाची पूड किंवा कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यात आयोडीन भरपूर असू शकतं आणि ते थायरॉइडला बाधतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका आणखी वाढतो. शिवाय मद्रासच्या प्रयोगात फ्युकॉइडन टोचलेलं होतं. तोंडावाटे घेतलेला एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात आणि तिथून लघवीत पुरेसा पोहोचणं अवघड. जिनानच्या संशोधकांनी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून या साखळ्यांचे लहान तुकडे केले आणि कोणत्या लांबीचा तुकडा पेशींना जास्त वाचवतो हे पाहायला सुरुवात केली, त्यामागे हीच अडचण आहे.