गोव्याच्या खाणी: १९६१ की १९८७?

गोव्यात खाणींचा विषय निघाला की चर्चा २०१२ आणि २०१८ च्या बंदीवर येते. मग टिप्परवाल्यांचे (खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे) थकलेले हप्ते, नदीकाठी गंजत पडलेले बार्ज म्हणजे खनिजाच्या मालवाहू होड्या, कुडचड्या-सावर्ड्यात शुकशुकाट झालेली दुकानं, हे सगळं बोलून होतं. या दोन्ही बंदींचं मूळ मात्र खाणींच्या मालकीच्या जुन्या भानगडीत आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी वळत नाही.

पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात उद्योग म्हणावा असा नव्हताच. मुरगावचं बंदर आणि घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली, पण ती घाटावरचा माल खाली आणण्यासाठी. खनिजाला खरे दिवस आले दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानच्या पोलाद कारखान्यांना लोखंडाची माती, म्हणजे लोहखनिज हवं होतं. पन्नासच्या दशकात जपानी कर्जावर यंत्रं आली आणि शिरगावसारख्या ठिकाणी कुदळ-घमेल्याची खाण यांत्रिक झाली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज राजवटीला या निर्यातीचा मोठाच आधार होता.

त्यात नद्यांची साथ. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतला माल टिप्परने धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी किंवा जुवारीने थेट मुरगावला. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी दर्या खवळला की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचे. इतकी स्वस्त वाहतूक देशातल्या दुसऱ्या खाणपट्ट्यांना क्वचितच लाभली. गोव्याची माती कमी प्रतीची असूनही जगाच्या बाजारात टिकली ती यामुळे.

आता मालकीचं. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या कायद्याखाली खाणींच्या ‘सवलती’ (कन्सेशन, म्हणजे खाण चालवण्याचे हक्क) दिल्या होत्या आणि त्यांना मुदत नव्हती. धारकाने अटी पाळल्या की खाण जवळपास कायमची त्याचीच. भारतातला खाण कायदा वेगळा: खनिज सरकारचं, खाणवाल्याकडे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. मुक्तीनंतर हा कायदा १९६३ मध्ये गोव्याला लागू झाला, पण जुन्या सवलतींचं काय, हे कोणी धड ठरवलं नाही. बारा वर्षांनी, १९७५ मध्ये, या सवलती म्हणजे भाडेपट्टेच असं धरून नोटिसा निघाल्या. खाणवाले न्यायालयात गेले. १९८३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं: सवलत ती सवलत, तो भाडेपट्टा नव्हे.

म्हणून संसदेने १९८७ मध्ये खास गोव्यासाठी कायदा केला. सवलती रद्द, त्यांचे भाडेपट्टे झाले, आणि तेही मागील तारखेने, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. मुक्तीचा दुसरा दिवस. पट्ट्यांची पहिली मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली असं धरलं गेलं, आणि पुढची वीस वर्षं नूतनीकरणाची धरून दुसरी २२ नोव्हेंबर २००७ ला.

२००७ उलटलं तेव्हा खाणी बंद पडायला हव्या होत्या. उलट त्याच सुमारास चीनची मागणी शिगेला पोचली होती. २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांहून जास्त माल गोव्यातून बाहेर गेला. एक टन खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते, हे ध्यानात घेतलं की पिसुर्ल्यातली गाळाने भरलेली शेतं आणि शिरगावच्या आटलेल्या विहिरी समजतात. नूतनीकरणाचे अर्ज पडून होते आणि ‘अर्ज केलाय म्हणजे मुदत वाढली’ या समजुतीवर सगळं चाललं होतं. ही समजूत सगळ्यांच्याच सोयीची होती. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये काम थांबलं, आणि एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं.

यानंतर जे झालं त्याचं समर्थन करणं कठीण आहे. लिलावाशिवाय पट्टा देता येणार नाही असा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ ला निघाला, आणि तोवर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण उरकून घेतलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेही रद्द झालं आणि मार्चच्या मध्याला दुसऱ्यांदा खाणी बंद झाल्या.

खाणवाल्यांची शेवटची आशा पुन्हा त्या तारखेवरच होती. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जुन्या पट्ट्यांना पन्नास वर्षांची मुदत दिली होती. पन्नास वर्षं १९६१ पासून मोजली तर २०११, म्हणजे हातात काहीच नाही. १९८७ पासून मोजली तर २०३७. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०३७ चा दावा फेटाळला. सहीशिक्का १९८७ चा आणि हिशेब १९६१ चा, ही खाणवाल्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण मुक्तीपासून खनिज जनतेचं होतं, हे एकदा मान्य केलं की दुसरा हिशेब बसतही नाही.

बाकीच्या उद्योगांची गोष्ट त्या मानाने सरळ. सांकवाळचा खत कारखाना १९७३ चा. खोर्ली, कुंडई, वेर्णे इथल्या वसाहती पुढे वाढत गेल्या, आणि करसवलतीमुळे नव्वदच्या दशकात औषध कंपन्या आल्या. केरीच्या नायलॉन प्रकल्पाला आणि नंतर सेझना (विशेष आर्थिक क्षेत्रांना) लोकांनी रस्त्यावर उतरून परतवलं. खाणपट्ट्यात असा एकमुखी विरोध सहसा दिसला नाही, कारण ज्याची विहीर आटली त्याच्याच दारात कर्जाचा टिप्पर उभा असायचा.

२०२२ च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा माल निघू लागला. लिलावाला काढलेल्या ब्लॉकच्या हद्दी जुन्याच पट्ट्यांवरून आखलेल्या. त्यामुळे मुळगावसारख्या गावातली घरं, देवळं आणि तळी खाणीच्या हद्दीत येतात, आणि ती वगळा अशी मागणी गावकरी करत आहेत.