अंग घासणे (मत्स्यपेटीतील मासे)

मत्स्यपेटीतील मासा वाळू, दगड किंवा काच यांवर अंगाची एक बाजू झटक्याने घासून निघून जातो, त्या वर्तनास ही संज्ञा लावतात. शौकीन मंडळींत ‘फ्लॅशिंग’ हा शब्दही रूढ आहे. हा स्वतंत्र रोग नसून त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या क्षोभाचे लक्षण होय. निरोगी मासाही अधूनमधून अंग घासतो. मात्र अनेक मासे वारंवार घासू लागले, पर अंगाशी मिटून राहिले किंवा कल्ल्यांची उघडझाप वाढली, तर कारण शोधावे लागते.

माशाच्या खवल्यांवर जिवंत पेशींचा पातळ थर व त्यावर श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) असतो; सस्तन प्राण्यांप्रमाणे मृत पेशींचे संरक्षक कवच बहुतेक माशांत नसते. त्यामुळे पाण्यातील रासायनिक बदल आणि परजीवींचा उपद्रव हे दोन्ही या थराला थेट जाणवतात.

परजीवींमध्ये ‘पांढरे ठिपके’ (इच) या रोगाचा कारक इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा पक्ष्माभिकायुक्त आदिजीव (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी पोहणारा एकपेशी जीव) सर्वांत परिचित आहे. सध्याचे नाव फूके यांनी १८७६ मध्ये दिले. त्याआधी १८६९ मध्ये हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी या जर्मन अभ्यासकांनी गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेवरील अशाच जीवाचे वर्णन केले होते; त्यामुळे शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. नामकरणाचा मान फूके यांचा, निरीक्षणाचा अग्रक्रम मात्र १८६९ च्या लेखाचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रोगाचे मूलस्थान आशिया असून कार्प माशांच्या वाहतुकीबरोबर तो युरोपात पोहोचला असावा, असे एक मत आहे. चीनमधील सोंग काळातील (९६०–१२७९) एका उल्लेखाचा त्यास आधार दिला जातो. मत संभाव्य वाटते. तथापि केवळ ठिपक्यांच्या वर्णनावरून परजीवीची ओळख निश्चित करणे धोक्याचे आहे.

हा जीव त्वचेच्या पेशीथराखाली वाढतो, सुमारे १ मिमी.पर्यंत मोठा होतो व मासा सोडून तळाशी पुटी (स्वतःभोवती आवरण) करतो. एका पुटीतून शेकडो, प्रसंगी हजारापर्यंत पोहणारे पिल्लू-जीव बाहेर पडतात. यजमान न मिळाल्यास ते साधारण एक-दोन दिवसांत मरतात. औषध लागू पडते ते या मुक्त अवस्थेवर. त्वचेखालील जीव सुरक्षित राहतो. चक्राचा काळ तापमानावर ठरतो: २५° से.ला आठवड्याच्या आत, १०° से.ला महिन्याहून अधिक. ठिपके दिसण्यापूर्वी काही दिवस मासे अंग घासताना आढळू शकतात, आणि रोग केवळ कल्ल्यांत असल्यास ठिपके दिसतही नाहीत.

जायरोडॅक्टिलस हा त्वचेवरील चपटा कृमी पिल्लांना जन्म देतो व त्या पिल्लाच्या पोटात पुढील गर्भ आधीच असतो. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि मुख्यतः कल्ल्यांवर राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली डॅक्टिलोगायरसचे चार नेत्रबिंदू दिसतात, जायरोडॅक्टिलसला ते नसतात. गप्पी मासा जायरोडॅक्टिलसच्या काही जातींचा नेहमीचा यजमान आहे. डासनियंत्रणाच्या हौदांतील किंवा नाल्यांतील गप्पी घरच्या पेटीत आणताना हे ध्यानात घेतलेले बरे. ट्रायकोडिना हा एकपेशी परजीवी, मखमली रोगाचा कारक पिसिनूडिनियम आणि डोळ्यांना दिसणारी माशांची ऊ (आर्ग्युलस) हीही कारणे होत.

प्रत्यक्ष कारण शोधताना मात्र परजीवीच्या आधी पाणी तपासावे, हा क्रम येथे ग्राह्य धरला आहे. नळाच्या पाण्यात किमान ०·२ मिग्रॅ. प्रतिलिटर मुक्त क्लोरीन असावे, असे भारतीय मानक सांगते. माशांच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी मात्राही बाधते. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाचे विषारी मुक्त रूप सामूवर (पीएच; पाण्याची आम्लता-अल्कता) अवलंबून असते: २५° से.ला सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का, तर सामू ८ असताना सुमारे ५ टक्के. पाणी बदलल्यानंतर काही मिनिटांतच सर्व मासे अंग घासू लागले, तर परजीवीपेक्षा क्लोरीनचा किंवा सामूतील फरकाचा संशय अधिक.

या कारणांत स्थानिक ऋतुमानही भर घालते; उदा., कोल्हापुरात ते महत्त्वाचे ठरते. पावसाळ्यात पंचगंगेला गढूळ पाणी येते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा नळ काही दिवस बंद पडला. अशा वेळी पेटीत टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी पडते, व त्याचा सामू आणि कठीणपणा नळाच्या पाण्याहून वेगळा असू शकतो. डिसेंबर–जानेवारीत पहाटेचे तापमान १५° से.च्या आसपास उतरते. हीटर नसलेल्या पेटीत उष्णकटिबंधीय माशांची प्रतिकारशक्ती घटते, शिवाय परजीवीचे चक्र लांबते. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्याच्या पेटीत रोग उलटतो. रंकाळा किंवा कळंबा या तलावांतून आणलेल्या वनस्पती व जिवंत खाद्याबरोबरही परजीवी येऊ शकतात.

उपचारात क्लोरीन उतरवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट, अंशतः पाणीबदल आणि आयोडीनरहित मीठ (साधारण १ ते ३ ग्रॅ. प्रतिलिटर) हे आधी. ‘इच’साठी तापमान हळूहळू ३०° से.पर्यंत नेतात, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने हवेचा पंप चालू ठेवतात. मॅलाकाइट ग्रीन व फॉर्मॅलिन परिणामकारक असले, तरी खवले नसलेल्या माशांना ते सोसत नाहीत. त्यांना मात्रा कमी देतात. खाण्याच्या माशांसाठी मॅलाकाइट ग्रीन वर्ज्य आहे.