वस्ताद (खानदेश)

वस्ताद : लढती कुस्ती सोडून तालमीत शिकवणारा जुना पैलवान. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्हे) पैलवानाची निवृत्ती कोणी जाहीर करीत नाही. जत्रेच्या दंगलीत (कुस्त्यांच्या फडात) तो जोड धरायचा, म्हणजे तोडीच्या गड्याशी लढायचा थांबतो, फेटा बांधून पंच म्हणून हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या जागेत) उतरतो आणि गाव त्याला वस्ताद म्हणू लागते.

शब्दाचे मूळ फार्सी ‘उस्ताद’ होय. आरंभीच्या ‘उ’चा ‘व’ होण्याचे मराठीतील हे एकटे उदाहरण नव्हे. ‘उस्तरा’चा ‘वस्तरा’ असाच झाला. गवयांच्या बाबतीत मात्र ‘उस्ताद’ हेच रूप टिकले, ते बहुधा हिंदुस्थानी संगीताबरोबर मागाहून आले असावे. प्रथम थाळनेर व पुढे बुऱ्हाणपूर येथून राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या (सु. १३८२–१६०१) दरबारी फार्सीतून हा शब्द खानदेशात थेट उतरला असणे शक्य आहे. तथापि कोल्हापूर-सांगलीकडेही नेमके हेच रूप रूढ असल्याने तो साऱ्या मराठी मुलखात एकाच ओघात पसरला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘तालीम’ (शिक्षण) आणि ‘हौदा’ (हौद) हे शब्द मुळात अरबी आहेत. ‘आखाडा’ मात्र संस्कृत ‘अक्षवाट’पासून आला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११३१) या ग्रंथातील मल्लविनोद या कुस्तीविषयक प्रकरणात ‘ज्येष्ठिक’ असा शब्द आढळतो व वस्तादाचे मूळ तेथे शोधण्याचा मोह होतो. पण तो लढत्या मल्लाचा दर्जा आहे, शिकवणाऱ्याचा नव्हे.

दंगलीत जोड लावणे हे वस्तादाचे खरे कसब. रेवड्यांच्या बक्षिसावरच्या पोरांच्या कुस्त्या आटोपल्या की तो दोन गड्यांना शेजारी उभे करतो, खांद्याला खांदा पाहतो, मनगट दाबून पाहतो आणि मगच हात मिळवून देतो. तालमीत ढाक हा डाव शिकवताना तो पोराचा हात स्वतःच्या मानेवरून घेतो, कंबर हळूच आत घालतो आणि पाठ जमिनीकडे वळली की तिथेच थांबतो, पाडत नाही. मेहनत सुटल्यावर खुराक आवरणे सर्वांत अवघड जाते. तूप-बदाम तसेच चालू राहिले, तर वाढलेले वजन गुडघ्यांवर येते.

लेखी नोंदी किताबांपुरत्या राहिल्या. १९६१ पासूनच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे १९६२ चे अधिवेशन धुळ्यात भरले. भगवान मोरे विजयी झाले. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ असा सलग तीन वेळा हा किताब जिंकला. तिसऱ्या वेळी पुण्यात अंतिम लढतीत अभिजित कटके त्यांच्यासमोर होते. नरसिंग यादव यांच्या (२०११–१३) पाठोपाठ त्यांनी ही कामगिरी केली. पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले, पण कुस्ती सुटली नाही : २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्यांनी १२५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. किताब न लाभलेल्या, जत्रांमधून भांड्याकुंड्यांवर व रोख इनामावर लढलेल्या मल्लांची कारकीर्द तालमीतच, संध्याकाळच्या जोर-बैठका आटोपल्यावर सांगितली जाते : कोणत्या गावच्या जत्रेत, कोणाशी, कोणत्या डावावर.