पुळणीवर घर बांधताय? पायाखालची वाळू किती पेलेल ते आधी बघू

"शेजाऱ्यांचं दुमजली घर वीस वर्षं उभं आहे, मग आमच्याच प्लॉटला माती परीक्षण कशाला?" किनाऱ्यालगतच्या गावांत हे आम्हाला हमखास ऐकावं लागतं. पण शेजारची वाळू तुमची नव्हे. दहा पावलांवर बुजवलेली विहीर किंवा जुना भराव निघतो, आणि वरून सगळं सारखंच दिसतं.

वाळूला चिकणमातीसारखा चिकटपणा नसतो. कणांचं एकमेकांशी घर्षण आणि आजूबाजूचा दाब, एवढ्यावरच ती भार उचलते. त्यामुळे ती किती घट्ट बसली आहे, हे आधी बघावं लागतं. पायली हलवून भरली की जास्त तांदूळ मावतात, तसंच हे. त्यासाठी जमिनीत बोअर (तपासणीचं अरुंद भोक) पाडून तळाशी नळी टेकवतो आणि तिच्यावर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमी उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतो. पहिले 15 सेंमी सोडून पुढचे 30 सेंमी नळी आत जायला लागलेले ठोके मोजतो. दहाच्या आत असतील तर वाळू सैल, तिसाच्या वर गेले तर घट्ट. हा फरक किरकोळ नाही. घर्षणकोन (कण एकमेकांवरून घसरायला किती विरोध करतात त्याचं माप, घट्ट वाळूत ते जास्त) 30 अंशांऐवजी 40 निघाला, तर पाया खोल असल्यामुळे मिळणारी ताकद साधारण साडेतीन पट आणि पायाच्या रुंदीमुळे मिळणारी जवळजवळ पाच पट होते.

भार फार झाला की फुटिंगखालची (फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया) वाळू बाजूला सरकून वर उसळू बघते. तिला दाबून धरतं ते फुटिंगच्या बाजूच्या वाळूचं वजन. म्हणून फुटिंगला खेटून सेप्टिक टँकचा खड्डा खणू नका, घर बांधून झाल्यावरही नाही. (हे आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो.)

मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा फसवतो. पावसाळ्यात पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढलं, की पाण्यात बुडालेल्या वाळूचं प्रत्यक्ष कामी येणारं वजन साधारण निम्मं होतं आणि पेलण्याची ताकदही जवळपास तेवढीच घटते. आम्ही हिशोब धरतो तो भर आषाढातल्या पातळीचा. ती विहिरीवरून कळते. घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा. खणताना पाणी लागलं तर खड्ड्यातच पंप टाकू नका. खालून येणाऱ्या पाण्याबरोबर वाळू उकळल्यासारखी वर येते आणि घट्ट तळ सैल होऊन बसतो. पाणी खड्ड्याबाहेरून उपसायचं.

फुटिंग रुंद केलं की जास्त पेलतं, हे खरं. पण त्याचा दाबही जास्त खोलवर पोचतो, आणि तिथे सैल थर असला तर पाया खचतो. वाळूवर बहुतेक वेळा मर्यादा येते ती या खचण्याचीच. स्वतंत्र फुटिंगच्या आरसीसी इमारतीला वाळूवर 50 मिमीपर्यंत खचणं भारतीय मानकात चालतं. मात्र एक कॉलम 10 मिमी आणि शेजारचा 40 मिमी बसला, तर भिंतीला तिरकी भेग गेलीच म्हणून समजा. त्यातल्या त्यात बरं हे, की वाळूचं खचणं बरंचसं बांधकाम चालू असतानाच उरकतं.

बोअरच्या जागा ठरवायला येऊ तेव्हा कॉलमचा नकाशा आणि बुजवलेल्या विहिरीची माहिती हाताशी ठेवा.